आजाराचे मराठी नाव: कोश, दवाखाना आणि गाव

जळकोटचा रुग्ण साध्या दुखण्याला गावातल्या दवाखान्यात जातो, दुखणे वाढले की उदगीर गाठतो आणि त्याहून अवघड झाले की लातूर किंवा नांदेड. या वाटेवर त्याच्या आजाराचे नाव बदलत जाते. घरात ‘वारं गेलं’ म्हणतात, शेजारी ‘लकवा मारला’ म्हणतात, आरोग्य खात्याच्या भिंतीवरील फलकावर ‘पक्षाघात’ लिहिलेले असते आणि मोठ्या रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘स्ट्रोक’. माणूस एकच, मेंदूतली अडचणही एकच. पण चार ठिकाणी चार शब्द. यांतला कोणता शब्द कुठे वापरावा, नवा शब्द कोणी घडवावा आणि रुग्णाला नेमके काय सांगितले म्हणजे सांगितले असे म्हणावे, हा वाद मराठीत दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याची आजची स्थिती इथे मांडतो.

पार्श्वभूमी: मुंबईची वाट आणि हैदराबादची वाट

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. तिथले मुख्य शिक्षण इंग्रजीत होते, पण १८६१ पासून त्याच संस्थेत मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही चालू झाले. लहान दवाखान्यांना हाताखालची शिकलेली माणसे हवी होती, ती इंग्रजीतून पुरेशी मिळत नव्हती. मराठी वर्गाला शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी ‘वैद्यतत्त्व’ आणि ‘गर्भविद्या व प्रसूतिकरण’ यांसारखी पुस्तके मराठीत लिहिली. आधुनिक वैद्यक मराठीतून शिकवणे ही आज स्वप्नाची गोष्ट वाटते, पण एकोणिसाव्या शतकात ते प्रत्यक्ष घडत होते. पुढे पदवीचे महत्त्व वाढले, पदवी इंग्रजीत होती, आणि ही वाट बुजली.

जळकोट त्या वाटेवर नव्हतेच. (तुळजापूरकडचे जळकोट वेगळे, इथे उदगीर आणि मुखेडच्या मधले, तालुक्याचे जळकोट अभिप्रेत आहे.) हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आले. हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकशाळा निघाली तेव्हा तिथे शिक्षण उर्दूतून दिले गेले. १९१७ मध्ये दारुल-तर्जुमा हे भाषांतराचे खाते उभे राहिले, १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकाची पुस्तकेही उर्दूत आली. भारतीय भाषेतून आधुनिक वैद्यकाचे उच्च शिक्षण देण्याचा इतका मोठा प्रयोग त्या काळी देशात दुसरा नव्हता. तो हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर थांबला. या प्रयोगाची परिभाषा अरबी-फारसीवर उभी होती, त्यामुळे मराठी भाषक मुलाला ती इंग्रजीइतकी नाही तरी परकीच होती. तरीही दवाखाना, जुलाब, दमा, नासूर, लकवा हे शब्द ज्या जगातून मराठीत आले ते जग मराठवाड्याने मुंबई-पुण्यापेक्षा अधिक जवळून पाहिले. ‘मराठी परिभाषा’ म्हणताना फक्त संस्कृतकडे पाहणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवलेला बरा.

शासकीय कोशांचा काळ

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ चा. संचालनालयाने पुढे विषयवार परिभाषा कोश काढले. त्यांत शारीर, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, न्यायवैद्यक व विषशास्त्र आणि मानसशास्त्र हे आपल्या विषयाशी थेट जोडलेले. दुसरीकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालू होते. त्याचा परिभाषा संग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशातल्या वैद्यकीय नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत. कठीण विषय सलग मराठीत, पायरी पायरीने उलगडण्याची ती शिस्त फार कमी ठिकाणी सापडते.

या कोशांनी एक मोठे काम केले: शरीराच्या बहुतेक अवयवांना, विकारांना आणि व्यंगांना मराठीत लिहिता येईल असा शब्द उपलब्ध झाला. अडचण वापराची झाली. वैद्यकाची पदवी, परीक्षा, केसपेपर, औषधचिठ्ठी, प्रयोगशाळेचा अहवाल सगळे इंग्रजीत राहिले. ज्या शब्दाला परीक्षेत जागा नाही आणि दवाखान्यातही नाही, तो शब्द घासून गुळगुळीत होत नाही. शिवाय कोशाकोशांत एकवाक्यता राहिली नाही. एखाद्या अवयवाला दाहयुक्त सूज आली तर कुणी ‘शोथ’ लिहितो, कुणी ‘दाह’, कुणी नुसतेच ‘सूज’. यकृतशोथ आणि यकृतदाह हे दोन वेगळे आजार आहेत की एकच, हे सामान्य वाचकाने कसे ओळखावे?

तीन भूमिका

पहिली भूमिका संस्कृतनिष्ठ परिभाषेची. डॉ. रघुवीर यांनी हिंदीसाठी ती टोकाला नेली. मराठी कोशकारांनी बरीच सौम्य करून स्वीकारली. तिचे बळ शब्द घडवण्याच्या सोयीत आहे. अति, अल्प, अव, प्रति असे उपसर्ग आणि मोजके धातू हाताशी असले की शेकडो संज्ञा एका साच्यात बसतात, एक कळली की शेजारची ओळखता येते. ग्रीक-लॅटिनवर उभ्या इंग्रजी संज्ञांचेही तेच तंत्र आहे. या भूमिकेवरचा नेहमीचा आक्षेप क्लिष्टतेचा. त्याहून गंभीर आक्षेप अर्थाचा आहे, आणि तो आयुर्वेदाच्या अभ्यासकांकडूनही येतो. आयुर्वेदात ज्वर हा स्वतंत्र व्याधी आहे, आधुनिक वैद्यकात ताप हे लक्षण. प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, मधुमेह त्यांतला एक. पांडुरोग म्हणजे ॲनिमिया आणि आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिविकार असे समीकरण मांडले की दोन शास्त्रांच्या दोन वेगळ्या कल्पना एका नावाखाली जातात. ज्या जिल्ह्यात आयुर्वेदाची पदवी घेतलेला डॉक्टर आणि ॲलोपॅथीचा डॉक्टर एकाच रस्त्यावर बसतात, तिथे हा घोटाळा पुस्तकी राहत नाही.

दुसरी भूमिका इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे घेण्याची. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एमबीबीएसची पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, त्यांत हाच मार्ग धरलेला दिसतो: वाक्य हिंदीचे, संज्ञा इंग्रजी. समर्थक म्हणतात की विद्यार्थ्याला जगाशी संवाद तोडता येणार नाही, अहवाल इंग्रजीतच येणार. विरोधक विचारतात की सगळ्या संज्ञा इंग्रजी ठेवल्या तर भाषांतर कशाचे झाले? महाराष्ट्रातही मराठीतून वैद्यकीय शिक्षणाचा विषय अधूनमधून पुढे येतो, तेव्हा हीच दोन उत्तरे समोरासमोर उभी राहतात.

लोकांनी मात्र हा मार्ग कोणाला न विचारता चोखाळला आहे. शुगर, बीपी, अटॅक, कॅन्सर, डेंग्यू हे आज मराठी शब्द आहेत. पण लोक उसना शब्द घेताना त्याचा अर्थही आपल्या सोयीने वळवतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की घरचे सांगतात, ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’. पांढऱ्या पेशी हा खरे तर वेगळा प्रकार. मणक्यांमधली चकती झिजली की ‘मणक्यात गॅप पडला’, प्रत्यक्षात मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते. लांबलेला कोणताही ताप ‘टायफॉईड’ होतो. पोटापासून छातीपर्यंतची कोणतीही अस्वस्थता ‘गॅस’ असते, आणि हे नाव जिवावर बेतू शकते, कारण हृदयविकाराचा झटकाही काही वेळा तसाच जाणवतो. हे अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी नवे शब्द मला कोशांत सापडत नाहीत. दवाखान्यात ते रोज बोलले जातात.

तिसरी भूमिका बोलीतल्या शब्दांवर भर देते. गोवर, कांजिण्या, गालफुगी, कावीळ, मुतखडा, हत्तीपाय, नायटा, खरूज, चामखीळ, रांजणवाडी, मुडदूस, मोतीबिंदू यांना कोणीही समिती नेमून घडवलेले नाही, तरी ते नेमके आहेत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात असे शेकडो शब्द नोंदले गेले, ते आजही आधाराला येतात. या भूमिकेचे सर्वांत भक्कम उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना गावातले शब्द आधी गोळा केले, आया ज्याला ‘डब्बा’ किंवा ‘लहाक’ म्हणतात त्याच्याशी न्यूमोनियाची लक्षणे जोडली आणि गावातल्याच आरोग्यदूतांना मुलाचे श्वास मोजायला शिकवले. डॉ. श्याम अष्टेकर यांच्या ‘भारतवैद्यक’ या पुस्तकानेही आरोग्यसेवकांसाठी सोप्या, चालत्या मराठीत वैद्यक मांडता येते हे दाखवून दिले. या भूमिकेची मर्यादाही उघड आहे. बोलीतला शब्द बहुधा लक्षणाचा असतो, कारणाचा नसतो, आणि तो दर पन्नास कोसांवर बदलतो. ‘डब्बा’ एका गावात श्वासाचा आजार असेल, दुसऱ्या गावात पोट फुगण्याचा.

दात आणि तोंड

दंतवैद्यकात हा सगळा प्रश्न छोट्या जागेत एकवटलेला दिसतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

‘दाताला कीड लागली’ हे मराठीचे रुळलेले वाक्य. त्यामागे दातात खरोखर किडा असतो ही जुनी, जगभर पसरलेली समजूत आहे. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच ती नाकारली होती. जिवाणूंनी बनवलेल्या आम्लाने दात झिजतो ही मांडणी दंतसंशोधक मिलर यांनी १८९० मध्ये केली. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे पाडून दाखवणारे’ बाजाराच्या दिवशी अजूनही ऐकू येतात. कोशातला ‘दंतक्षय’ हा शब्द कारणाबाबत काही चुकीचे सुचवत नाही, पण तो कोणी बोलत नाही. दंतवैद्य स्वतः ‘कीड’च म्हणतात आणि मग समजावून सांगतात. माझ्या मते ते योग्य करतात. शब्द रुग्णाचा आणि स्पष्टीकरण शास्त्राचे, ही जोडी चालते.

दुखण्याच्या शब्दांत तर मराठी श्रीमंत आहे. दात ‘आंबतो’, ‘शिवशिवतो’, ‘कळ मारतो’, ‘ठणकतो’. थंड पाण्याने क्षणभर कळ येऊन गेली तर दाताच्या आतला गर बहुधा वाचवता येतो. रात्री आपोआप ठणका लागतो, तो थांबत नाही, तेव्हा गर बहुधा गेलेला असतो आणि रूट कॅनाल किंवा दात काढणे भाग पडते. आंबणे, कळ आणि ठणका यांतला फरक रुग्ण न शिकता करतो आणि डॉक्टरला तो निदानाच्या पहिल्या पायरीवर उपयोगी पडतो. इंग्रजीत शिकून आलेल्या तरुण दंतवैद्याला हे शब्द शिकवण्याची सोय मात्र अभ्यासक्रमात नाही.

याच्या उलट टोकाला असे विकार आहेत ज्यांना लोकांनी नावच दिलेले नाही. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडे, विशेषतः किनवट भागात, भूजलातल्या फ्लोराईडचा प्रश्न जुना आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही फ्लोराईडची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराईड लहानपणी, दात घडत असताना पोटात गेले तर पुढे दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. अनेक वर्षे जात राहिले तर हाडे आणि सांधेही आखडतात. याला ‘फ्लोरोसिस’ म्हणतात. गावात त्याला ‘पिवळे दात’ म्हटले की पोर दात घासत नाही असा ठपका येतो. डाग बोअरच्या पाण्याचा आहे, घासून जाणार नाही, हे सांगायला तो परका शब्दच कामी येतो. त्या शब्दात कारण आहे. बोलीचा शब्द नेहमी रुग्णाच्या बाजूचा असतो असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

दुसरे उदाहरण सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड उघडेनासे होण्याचे. आधी तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, मग गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि ताठ होत जाते आणि शेवटी दोन बोटेही तोंडात जात नाहीत. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये १९५२ मध्ये हा विकार वर्णिला गेला, आणि १९५३ मध्ये जोशी या भारतीय डॉक्टरांनी त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी हा आजार दवाखान्यांतून हटलेला नाही. मराठीत त्याला ‘तोंड उघडत नाही’ यापलीकडे नाव नाही. ज्या आजाराला नाव नसते तो सांगायला लोक उशीर करतात, असे दंतवैद्यांचे म्हणणे आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

नावातला कलंक

काही संज्ञा चुकीच्या नसतात, पण दुखावतात. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती. आज तो शब्द सरकारी कागदावर ‘कुष्ठरोग’ झाला आहे आणि कुष्ठ हा शब्दही नको म्हणणारे लोक आहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून २०१९ मध्ये वगळले गेले. शब्दाबरोबर कायदाही बदलावा लागतो, याचा हा पुरावा. जगातही असेच घडले. डाऊन सिंड्रोमला एका वंशावरून दिलेले जुने नाव १९६० च्या दशकात टाकले गेले, आणि नव्या साथींना देश, प्राणी किंवा समाजाचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले.

आपल्याकडे पंगू, अपंग, विकलांग, दिव्यांग असा प्रवास झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. ‘दिव्यांग’ शब्दाने आदर वाढला असे अनेक कुटुंबे मानतात. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या काही संघटना मात्र म्हणतात की व्यंगाला दैवी ठरवल्याने रॅम्प आणि नोकरीचा प्रश्न मागे पडतो. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. रोजच्या बोलण्यातले लंगडा, बहिरा, तोतरा, वेडा हे शब्द तर व्यक्तीचे टोपणनाव होऊन बसतात. त्यांवर कोणत्याही कोशाचा अंमल नाही.

संमती आणि संकेतांक

परिभाषेचा प्रश्न सर्वांत जड होतो तो संमतीपत्राच्या कागदावर. गर्भाशयाला आपल्याकडे ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी काढून टाकू’ या दोन वाक्यांत एका स्त्रीच्या शरीराबद्दलचा मोठा निर्णय उरकला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रश्नाची मुळे गरिबी, मुकादमी आणि खासगी दवाखान्यांच्या व्यवहारात आहेत. पण पिशवी काढल्यावर पाळी थांबण्यापलीकडे काय होऊ शकते, हे बाईला कळेल अशा शब्दांत सांगितले गेले का, हाही त्याचाच भाग आहे. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेलीच संमती खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. ‘पुरेशी’ म्हणजे कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत, हे अजून दवाखान्यागणिक ठरते.

दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेची रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या संज्ञांसाठी तिच्यात स्वतंत्र विभाग आला. प्रत्येक आजाराला संकेतांक असेल तर नाव कोणत्याही भाषेत लिहा, हिशेब एकच राहील, असे समर्थक म्हणतात. पांडू आणि ॲनिमिया वेगळ्या संकेतांकांखाली राहू शकतील, हा खरा फायदा. टीकाकारांना भीती अशी की संकेतांक भरणाऱ्यापर्यंत रुग्णाचे म्हणणे पोचेपर्यंत त्याचा अर्थच हरवेल.

काय सुटलेले नाही

पुस्तकाची परिभाषा आणि रुग्णाशी बोलण्याची भाषा ही दोन वेगळी कामे आहेत, हे मान्य केले तर बराच वाद निवळतो. विद्यार्थ्यासाठी एकसारखी, शिस्तीची संज्ञा हवी. ती संस्कृतमधून येवो की इंग्रजीतून, एकदा ठरली की सर्व कोशांत तीच असावी. रुग्णासाठी ओळखीचा शब्द हवा आणि त्याच्या पाठोपाठ कारण सांगणारी दोन वाक्ये हवीत. आजवरची शक्ती पहिल्या कामावर गेली. दुसऱ्या कामासाठी लागणारी सामग्री, म्हणजे आज कोणत्या तालुक्यात लोक कोणता शब्द कोणत्या आजाराला वापरतात याची पद्धतशीर नोंद, मराठवाड्यापुरती तरी माझ्या पाहण्यात नाही. देवीच्या साथी गेल्या, नारूपासून देश २००० मध्ये मुक्त झाला, आणि त्या आजारांभोवतीचे शब्दही वृद्धांबरोबर जात आहेत. त्याच वेळी ‘गॅप’ आणि ‘पेशी’ यांसारखे नवे शब्द रुजत आहेत. दोन्हींची नोंद आत्ताच करायला हवी.

हे काम करणारी माणसे जागेवर आहेत. जळकोट, मुखेड, उदगीर, किनवट इथल्या आशा कार्यकर्त्या रोज हे शब्द ऐकतात. लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यक विभाग आहेत, त्यांचे विद्यार्थी गावांत जातात. लातूरला दंत महाविद्यालय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावभेटीत ऐकलेले शब्द, बोलणाऱ्याचे गाव आणि डॉक्टरांचे निदान अशी नोंद ठेवली, तर काही वर्षांत मराठवाड्याचा आरोग्य-शब्दसंग्रह उभा राहील. या महाविद्यालयांनी आणि भाषा संचालनालयाने मिळून ते काम हाती घ्यावे, आणि पहिली प्रत आशा कार्यकर्त्यांच्या हाती द्यावी.